त्वचेच्या कॅन्सरच्या उपचारानंतर हात-पाय सुजण्याचा धोका कोणाला जास्त? (लिम्फेडीमा)

मलप्रभाकाठ
विभाग: कॅन्सरनंतरची काळजी

खानापूर तालुक्यातल्या उपकेंद्रात काम करते. बेळगाव, मिरज किंवा गोव्याला त्वचेच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून आलेले पेशंट गावात परत येतात आणि पुढचं ड्रेसिंग, बीपी-शुगर आमच्याकडे बघितली जाते. बहुतेकांचा आजार पायाच्या तळव्यावरचा मेलॅनोमा किंवा जुन्या भाजल्याच्या व्रणावर झालेला स्क्वॅमस सेल कॅन्सर असा असतो. डिस्चार्जच्या कागदावर सगळं इंग्रजीत. घरच्यांना एवढंच कळलेलं असतं की "गाठी काढल्यात, पाय सुजू शकतो."

भेटींचा क्रम लावायचा तर कोणावर जास्त लक्ष ठेवावं? प्रत्येकाचाच पाय सुजतो असं नाही, मग ते कशावर ठरतं? कागदावर नेमकं काय शोधायचं? जून-जुलैत रोप लावणीला हीच माणसं गुडघाभर चिखलात उभी राहणार, त्याने किती फरक पडतो? आणि सूज डोळ्यांना दिसायच्या आधी ओळखायची काही रीत आहे का, टेप सोडून दुसरं साधन नसताना?

---

शल्य_बेळगाव

ताई, सगळ्यात आधी कॅन्सर कोणता ते बघा. बेसल सेल कार्सिनोमा असेल तर तो गाठींत (म्हणजे लिम्फ नोडमध्ये) जवळजवळ जात नाही, त्यामुळे गाठी काढायची वेळही क्वचित येते. अशा पेशंटला लिम्फेडीमाची भीती घालू नका. मेलॅनोमा आणि स्क्वॅमस सेल या दोघांत प्रश्न येतो, तोसुद्धा जांघेतल्या, काखेतल्या किंवा मानेतल्या गाठींना हात लागला असेल तर. गाठींना हात न लावता नुसता रुंद छेद घेतला तरी क्वचित सूज येते. घोट्याभोवती मोठा भाग काढून कातडी लावली असेल, तर तिथल्या बारीक लसीकावाहिन्या (अंगातलं जास्तीचं पाणी, म्हणजे लसीका, परत वाहून नेणाऱ्या नळ्या) तुटलेल्या असतात. त्या तुटल्या की लसीका साठून येणारी सूज म्हणजे लिम्फेडीमा.

कागदावर दोन ठिकाणी बघा. पहिलं, ऑपरेशनचं नाव. "एसएलएनबी" किंवा "सेंटिनल नोड" लिहिलं असेल तर निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव टोचून पहिल्या एक-दोन गाठी शोधून तपासायला काढल्या, इतकंच. "ब्लॉक डिसेक्शन", "आयएलएनडी", "इल्योइंग्विनल", "अॅक्झिलरी डिसेक्शन" यापैकी काही असेल तर त्या भागातल्या सगळ्या गाठी आजूबाजूच्या चरबीसकट काढल्या. दोन्हींच्या धोक्यात मोठं अंतर आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एमएसएलटी-२ या मोठ्या चाचणीत सेंटिनल गाठ बाधित निघालेल्या मेलॅनोमा पेशंटचे दोन गट केले होते. उरलेल्या सगळ्या गाठी लगेच काढलेल्या गटात २४.१ टक्के जणांना लिम्फेडीमा झाला. ज्यांच्या गाठी न काढता सोनोग्राफीने लक्ष ठेवलं, त्यांच्यात ६.३ टक्के. मेलॅनोमामुळे होणाऱ्या मृत्यूंत मात्र दोन गटांत फरक नव्हता. म्हणून आता सेंटिनल गाठ बाधित निघाली की सरसकट सगळ्या गाठी काढत नाहीत. सेंटिनल एवढंच झालेल्या पेशंटला तुमच्या यादीत खाली ठेवायला हरकत नाही.

दुसरं, हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा कागद. तिथे "२/११" असं काहीतरी असतं, म्हणजे ११ गाठी काढल्या आणि २ मध्ये कॅन्सर सापडला. गाठीचं कवच फोडून कॅन्सर बाहेर आलाय असं लिहिलं असेल, तर रेडिओथेरपी झाली का हे आवर्जून विचारा.

आता जागेचं. जांघ ही काखेपेक्षा वाईट. पाय दिवसभर खाली लोंबकळतो, रक्ताचा आणि लसीकेचा भार गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवायचा असतो. शिवाय जांघेची घडी ओलसर, घामट, तिथली जखम लवकर भरत नाही. जखमेच्या कडा काळ्या पडणं, पू होणं, पाणी साठून सेरोमा होणं हे सगळं काखेपेक्षा जांघेत जास्त दिसतं आणि यातलं प्रत्येक झालं की तिथे कडक व्रण तयार होतो. नव्या वाहिन्यांना त्या व्रणातून वाट काढता येत नाही. ड्रेनमधलं, म्हणजे जखमेत ठेवलेल्या नळीतलं पाणी सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की साधारण नळी काढतात. त्याआधी "अडचण होते" म्हणून पेशंट नळी काढून मागतो, तेव्हा ऐकू नका. उलट तीन-चार आठवडे होऊनही रोज शंभर-दीडशे मिली येत असेल तर परत पाठवा, कारण नळी जास्त दिवस राहिली की तिच्या वाटेने जंतू आत जातात.

रेडिओथेरपीचा भर वेगळा. गाठी काढल्यावर लसीका आजूबाजूच्या वाटांनी वळते. किरणांनी त्याच वाटा कडक होतात आणि ते महिन्यांनी, कधी वर्षांनी उमगतं. मेलॅनोमासाठी गाठी काढल्यावर ४८ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), २० भागांत, अशी रेडिओथेरपी दिलेल्या आणि न दिलेल्या पेशंटची ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेली चाचणी आहे. तिच्यात पाच वर्षांच्या पाठपुराव्यात पायाचं आकारमान रेडिओथेरपीवाल्यांत सरासरी १५ टक्क्यांनी वाढलं, नुसत्या ऑपरेशनवाल्यांत ७.७ टक्क्यांनी. हातात तसा ठाम फरक दिसला नाही. म्हणजे जांघेतल्या सगळ्या गाठी काढल्या आणि वर किरणंही दिली, असा पेशंट तुमच्या यादीत पहिला.

एक गोष्ट कोणत्याच कागदावर लिहिलेली नसते. तळव्यावरचा काळा डाग कुरूप समजून कापला, घासला, त्यावर पट्टी लावली आणि वर्ष गेलं, की मेलॅनोमा जाड होतो. जाड मेलॅनोमा गाठींत जाण्याची शक्यता जास्त, आणि गाठ हाताला लागण्याइतकी मोठी झाली की मोठं ऑपरेशन. म्हणून उशीर हाही सुजेचा एक धोका आहे. गावात पाय तपासताना तळवा आणि नखाखालची काळी रेघ बघाच.

---

निपाणी_फिजिओ

सरांनी सांगितलं ते ऑपरेशनच्या दिवशीच ठरून जातं. त्यानंतर पेशंटच्या हातात दोन गोष्टी उरतात, वजन आणि पायाची कातडी.

वजनाचं आधी. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३० च्या वर गेला की लिम्फेडीमाचा धोका स्पष्ट वाढतो. १५८ सेंमी उंचीच्या बाईचं वजन ७८ किलो असेल तर बीएमआय ३१ च्या वर. चरबी वाढली की लसीका जास्त तयार होते आणि वाहिन्यांवर दाबही येतो. मोठं पोट मांडीवर टेकलं की बसल्या-बसल्या जांघेतला प्रवाह अडतो. शिवाय जाड मांडीला सुजेवरचा दाबाचा पायमोजा नीट बसत नाही, वरची कड गुंडाळते आणि दोरीसारखी काचते. ऑपरेशननंतर घरात "ताकद यायला पाहिजे" म्हणून तूप-शिरा सुरू होतो आणि माणूस महिना-दोन महिने बसून असतो. वजन तेव्हाच चढतं. प्रथिनं द्या: डाळ, अंडी, मासे, मटकी. तूप-साखर वाढवू नका. पोटात घट्ट नाडी आणि जांघेत काचणारं इलॅस्टिक हेही टाळायला सांगा.

मोजमापाची रीत लिहून ठेवा. पेशंटला भिंतीला टेकून उभं करा, टाच जमिनीवर. जमिनीपासून १०, २०, ३०, ४०, ५०, ६० सेंमी उंचीवर पेनाने खुणा. दोन्ही पायांचा घेर त्या-त्या खुणेवर घ्या, टेप कातडीला नुसता टेकलेला हवा, आवळलेला नको. शिवाय पावलाच्या मध्यावर एक माप. टेप शिवणकामाचा कापडी वापरलात तर तो ताणतो, त्यामुळे दर वर्षी बदला. फायबरचा असेल तर उत्तम. नेहमी एकाच वेळी मोजा, शक्यतो सकाळी. संध्याकाळी निरोगी पायही जाड भरतो.

दोन खुणांमधलं आकारमान काढायला: खालच्या घेराचा वर्ग, वरच्या घेराचा वर्ग आणि दोन्ही घेरांचा गुणाकार यांची बेरीज करा, तिला १० ने गुणा आणि ३७.७ ने भागा. उत्तर मिलीमध्ये येतं. समजा ऑपरेशन झालेल्या पायाचे घेर २४ आणि ३० सेंमी, तर ५८२ मिली. दुसऱ्या पायाचे २३ आणि २८, तर ५१९ मिली. फरक ६३ मिली, म्हणजे १२ टक्के. असं सगळ्या भागांचं करून बेरजा ताडून बघा. एकूण फरक १० टक्क्यांच्या वर गेला, किंवा कुठल्याही एका खुणेवर घेर २ सेंमीने वाढला, की पाठवा. ऑपरेशनच्या आधीचं माप मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण काहींचे दोन पाय मुळातच सारखे नसतात. ते नसेल तर टाके निघाल्यावरचं पहिलं माप तुलनेसाठी धरा. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी मोजा. बहुतेक सूज त्या काळातच येते, पण पाच वर्षांनी आलेलीही बघायला मिळते.

टेपच्याही आधी पेशंट सांगतो: पाय जड वाटतो, चप्पल एकाच पायाची घट्ट होते, संध्याकाळी मोज्याचा वळ राहतो. या तक्रारीला लगेच माप घ्या. मग पायाच्या दुसऱ्या बोटाच्या बुडाशी वरची कातडी चिमटीत उचलून बघा. निरोगी पायाची पातळ घडी सहज उचलली जाते. ती चिमटीत येतच नसेल तर लिम्फेडीमा धरून चाला. चिमटीत आली म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका, सुरुवातीच्या सुजेत ती येते. अंगठ्याने नडगीवर दहा सेकंद दाबा: खड्डा पडला आणि रात्रभर पाय उंच ठेवल्यावर सकाळी सूज उतरली, तर पहिली पायरी. सकाळीही उतरत नसेल तर दुसरी. या दोन पायऱ्यांच्या मधे पेशंट हाती लागला पाहिजे.

---

चिकोडी_परिचारिका

चिखलाचा प्रश्न मी घेते, कारण आपल्या भागात खरी मेख तिथेच आहे.

चिखलाने थेट लिम्फेडीमा होत नाही. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते, त्या फटीतून जंतू शिरतात आणि पायाला धावरं उठतं, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत सेल्युलायटिस. ज्या पायाच्या गाठी काढल्यात त्या पायात जंतू अडवणारं नाकंच उरलेलं नाही. एकदा धावरं उठलं की शिल्लक वाहिन्यांपैकी काही बंद होतात, त्याने सूज वाढते, आणि साठलेल्या लसीकेत पुढचं धावरं अधिक सहज उठतं. हे चक्र सुरू होऊ न देणं हेच आपलं काम.

त्यासाठी: रोज रात्री साबणाने पाय धुऊन प्रत्येक बेचकं जुन्या सुती कापडाने कोरडं करायचं, नुसतं पुसून भागत नाही. कापड बेचक्यातून आरपार ओढायचं. चिखल्या दिसल्या तर क्लोट्रिमॅझोल १ टक्का दिवसातून दोनदा, बरं वाटल्यानंतरही दोन आठवडे चालू. मेडिकलमध्ये "खाज" म्हटलं की स्टेरॉइड मिसळलेली तीन-चार औषधांची एकत्र ट्यूब देतात, ती नको. दोन दिवस बरं वाटतं आणि बुरशी आत पसरते. टाचेच्या भेगांना रात्री पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल, पण बेचक्यात तेल नको, तिथे ओल टिकते.

रोप लावणीचं काम पहिल्या वर्षी दुसऱ्याकडून करून घेता आलं तर उत्तम. जमतच नसेल तर गुडघ्यापर्यंतचे गमबूट, आत कोरडे सुती मोजे, आणि दर दोन तासांनी बांधावर येऊन बूट काढून पाय कोरडे. ऊसतोडीला पाल्याने नडगीवर बारीक चरे पडतात ते कोणी मोजत नाही. पूर्ण पँट आणि बूट, आणि घरी आल्यावर पाय दिव्याखाली बघायचे. अनवाणी चालणं बंद. चिंचलीच्या मायाक्काला किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माला अनवाणी जायचा नवस असेल तर घरच्या मोठ्यांशी बसून बोला, देवीला चपला घालून गेलेलं चालतं हे त्यांच्याच तोंडून आलेलं पेशंट ऐकतो.

बायकांच्या पायातली जोडवी तपासा. ऑपरेशनच्या आधी बसणारी जोडवी सुजलेल्या बोटात रुततात, खाली कातडी ओली राहते आणि तिथेच फाटते. त्या पायातली जोडवी काढून ठेवायला सांगा. बाईला मोकळा पाय बरा वाटत नसेल तर दुसऱ्या पायात राहू देत. पैंजणही त्या पायात सैल हवं.

आणि सुजेवर बिब्बा, डाग देणं, गरम विटेचा शेक, रगडून मालिश यातलं काहीही नको. बिब्ब्याने फोड येतात, डागाने जखम होते, शेकाने लसीका वाढते. गाठी काढल्यावर जांघेची आणि मांडीची कातडी बधिर असते, भाजलं तरी कळत नाही.

---

मलप्रभाकाठ

खूप उपयोगी. अजून तीन गोष्टी. एक, गाठी काढलेल्या बाजूच्या हातावर सुई-बीपी चालत नाही असं पेशंट सांगतात, मग दुसऱ्या हाताची शीर सापडेना की पंचाईत. दोन, सूज नसतानाच दाबाचे मोजे घातले तर ती टळते का? तीन, शुगर असलेल्यांना आणि तंबाखूवाल्यांना वेगळं काही?

---

निपाणी_फिजिओ

सुई आणि बीपीने लिम्फेडीमा होतो याला पुरावा कमकुवत आहे. दुसरा हात मोकळा असेल तर तो वापरा, नसेल तर कातडी नीट स्वच्छ करून याच हाताची शीर घ्या. उपचार अडवून ठेवू नका. हे फक्त काखेतल्या गाठी काढलेल्यांना लागू, जांघेचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचे दोन्ही हात मोकळेच असतात. ही बंदी उगाच पसरलीय.

मोज्यांचं: जांघेतल्या गाठी काढल्यावर सहा महिने क्लास २ चे मोजे घालून सूज टळते का याची चाचणी नेदरलँड्समध्ये झाली, त्यात फरक दिसला नाही. म्हणून सूज नसलेल्या प्रत्येकाला महागडे मोजे घ्यायला लावू नका. सूज सुरू झाली की मात्र वेळ घालवू नका. तेव्हा क्लास २, म्हणजे २३ ते ३२ मिमी पारा दाबाचे, पायाचं माप घेऊन केलेले. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचे, रात्री काढायचे, दोन जोड असले की एक धुता येतो, सहा महिन्यांनी ताण जातो म्हणून बदलायचे. सूज बरीच असेल तर आधी थरांच्या पट्ट्यांनी पाय उतरवायचा आणि मगच माप. सुजलेल्या पायाचं माप घेऊन शिवलेला मोजा महिन्यात सैल होतो. साधी क्रेप बँडेज या कामाची नाही, ती ताणते आणि गुडघ्यामागे गोळा होऊन उलट अडवते.

व्यायामाला घाबरू नका. रोज चालणं, टाच-चवडा हलवणं, बसल्या जागी घोटे फिरवणं. पोटरीचा स्नायू आवळला की लसीका वर ढकलली जाते. हळूहळू वाढवा, एकदम शेतातलं ओझं नको.

---

शल्य_बेळगाव

शुगर आणि तंबाखूचं. वाढलेली शुगर जखम लांबवते आणि संसर्ग ओढवून घेते, त्या वाटेने धोका वाढतो. तंबाखू ओढणाऱ्यांच्याच नव्हे, मळून खाणाऱ्यांच्या शरीरातही निकोटीन जातं, रक्तवाहिन्या आकसतात आणि जांघेच्या जखमेच्या कडा काळ्या पडतात. निपाणी-चिकोडीकडचे पेशंट "मी विडी ओढत नाही" एवढंच सांगतात, मळून खाता का हे वेगळं विचारा. या दोघांना मोजा देण्याआधी घोट्याचा आणि दंडाचा बीपी ताडून बघायला हवा. घोट्याचा भागिले दंडाचा, उत्तर ०.८ च्या खाली आलं तर पायाची धमनी अरुंद आहे, तिथे तज्ज्ञाला विचारल्याशिवाय दाबाचा मोजा नको. शुगरवाल्यांत धमन्या कडक झाल्याने आकडा खोटा जास्तही येतो, म्हणून पाय थंड, निळसर किंवा जखम भरत नसेल तर आकड्यावर विसंबू नका.

धावरं उठलं, म्हणजे पाय लाल, गरम, दुखरा, थंडी वाजून ताप, तर त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. त्या काळात मोजा आणि पट्टी काढून ठेवा, पाय उंच. लाली उतरून पाय सहन करू लागला की परत. वर्षात दोनदा धावरं उठलं तर पेनिसिलीन दीर्घकाळ देण्याचा विचार डॉक्टरांनी करावा. पायाच्या वारंवार सेल्युलायटिसवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पॅच-१ चाचणीत २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर दिल्याने परत उठण्याचं प्रमाण घटलं. पण औषध थांबल्यावर तो फायदा टिकला नाही, आणि पाय सुजलेल्यांत व जाड लोकांत औषधाचा गुण कमी आला. म्हणजे गोळी चालू असली तरी वजन आणि चिखल्या सुटत नाहीत.

लॅसिक्ससारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या लिम्फेडीमावर देऊ नका. त्या पाणी काढतात, प्रथिनं तिथेच राहतात आणि ती परत पाणी ओढतात. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर लिम्फेडीमाच्या आधी हृदय, किडनी, हिमोग्लोबिन आणि बीपीची अॅम्लोडिपिनची गोळी बघा.

---

चिकोडी_परिचारिका

मानेच्या गाठी काढलेल्यांना विसरू नका, ओठ आणि कानाच्या स्क्वॅमस सेलनंतर असे येतात. त्यांची सूज हनुवटीखाली आणि गालावर, आणि ती सकाळी जास्त असते कारण रात्रभर आडवं झोपलेले. उशाशी दोन उशा, किंवा खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. दाढी करताना ब्लेडऐवजी इलेक्ट्रिक मशीन. मानेची कातडी बधिर असल्याने कापलेलं कळत नाही.

---

शल्य_बेळगाव

आणखी एक, भेटीच्या वहीत वेगळ्या रंगाने लिहा. सगळी सूज लिम्फेडीमा नसते. एका-दोन दिवसांत पोटरी एकदम सुजली, दाबल्यावर दुखते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉपलरला (शिरांतला रक्तप्रवाह बघणाऱ्या सोनोग्राफीला) पाठवा आणि तोवर मालिश, पट्टी काही नको. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर डॉपलरची वाट न बघता थेट अँब्युलन्स. आणि महिनोनमहिने शांत असलेला पाय अचानक वाढू लागला, रात्री दुखू लागला, जांघेत कडक गाठ लागली, किंवा जुन्या व्रणापासून जांघेपर्यंतच्या वाटेवर कातडीत काळे वा गुलाबी दाणे दिसले, तर कॅन्सर परत आल्याची शंका धरायची. मेलॅनोमात असे दाणे लसीकावाहिन्यांच्या वाटेनेच उगवतात. म्हणून प्रत्येक भेटीला माप घेतल्यावर चांगल्या उजेडात तळव्यापासून जांघेपर्यंत तळहात फिरवा, पायाची मागची बाजूसुद्धा. पेशंटला स्वतःला ती दिसत नाही.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. वहीत असे रकाने आखते: कॅन्सरचा प्रकार, ऑपरेशनचं नाव, काढलेल्या आणि बाधित गाठी, रेडिओथेरपी, बीएमआय, शुगर, तंबाखू ओढणं आणि मळून खाणं वेगळं, धावरं किती वेळा, बेचकी, जोडवी, सहा खुणांचे घेर. जांघ आणि रेडिओथेरपी दोन्ही झालेल्यांच्या भेटी मृगाच्या आधी उरकते, म्हणजे लावणी सुरू व्हायच्या आत चिखल्यांची ट्यूब आणि गमबूट त्यांच्या घरी असतील.